सरदाराचे दहा दिवस

"घरात एक राव हाय, त्यो पुरंना व्हय? आता सरदार कशाला आनलास?"

हैबतरावाने ओटीवरून विचारले, ते कुत्र्याकडे न पाहता बायकोच्या पायांकडे पाहत. गोजराबाई पौडाहून चालत आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता आणि हातात दावे. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला राखी रंगाचे, एक कान फाटलेले, पाच-सहा वर्षांचे थोराड कुत्रे उभे होते. ते भुंकले नाही, त्याने शेपूट हलवली नाही. परक्या दारात कसे उभे राहावे याची जी रीत माणसांना शिकवावी लागते, ती त्याला उपजत ठाऊक असावी.

"राव माळ्यावर जाऊन घोरतो," गोजराबाई म्हणाली. "डुकरं त्याला भीत न्हाईत."

त्या वर्षी मराठी माणसाचे राज्य झाले होते. मुंबईत रोषणाई झाली, पुण्यात पेढे वाटले. परंतु रिह्याच्या खोऱ्यातल्या रानडुकरांना या घटनेची वर्दी कोणी दिलेली नव्हती. भात पोटरीला आले, की पूर्वीच्या राज्यात ती जशी डोंगर उतरून येत तशीच याही राज्यात आली, आणि श्रावणात त्यांतल्या एका सुळेवाल्याने हैबतरावाचा खैऱ्या कुत्रा उभा फाडला. दोन खाचरे ओढ्याच्या या अंगाला, तीन त्या अंगाला. राखण करायला उरला एकटा तांब्या. तो या अंगाला भुंकला, की त्या अंगाला डुकरे जेवायला बसत. लेक कोळवणला दिलेली, घरात दोघेच, आणि वर्षाचे पोट त्या पाच खाचरांत. हा हिशेब मांडूनच गोजराबाई पौडाला गेली होती.

कुत्रे जैनुद्दीनचे, नाव सरदार. जैनुद्दीन बकऱ्यांचा व्यापारी. वाड्यावस्त्यांवरची जनावरे गोळा करून भूगाववरून पुण्याला पायी न्यायचा, आणि कळपाच्या मागे हे कुत्रे चालायचे. ज्येष्ठात तो ताप येऊन गेला. त्याची बायको कमरबी लेकीकडे पुण्याला निघाली होती. तिथल्या एका खोलीत माणसेच दाटीने राहत, कुत्र्याला जागा नव्हती. तिने दावे गोजराबाईच्या हातात दिले आणि सांगितले, "गोजराबाय, ह्याला वरडून हाक मारू नगा. नुसतं बगितलं की त्याला कळतं." मग ती घासलेलेच पातेले पुन्हा घासायला बसली, आणि दोघे दिसेनासे होईपर्यंत तिने मान वर केली नाही. दोघे म्हणजे गोजराबाई आणि ते कुत्रे. कुत्र्याला तिने शेवटपर्यंत माणसातच मोजले.

हैबतरावाने घरचं झालं थोडं आन् यावायानं धाडलं घोडं, असे म्हणून तंबाखू मळली. खाटकाच्या दारची चव लागलेले तोंड नाचणीच्या भाकरीला लागेल का, हा त्याचा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप त्याने बोलून दाखवला नाही, तो वाडीने बोलून दाखवला. कुत्र्याला जात नसते, असे शहाणी माणसे समजतात. वाडीने आठ दिवसांत ठरवले, की भैरवनाथाच्या पायऱ्यांवर या कुत्र्याने बसू नये. भैरवनाथाचे वाहन कुत्राच. पण वाहनाचेही घराणे पाहावे लागते, असा शास्त्रार्थ निघाला, आणि तो काढणाऱ्यांपैकी एकालाही स्वतःच्या पणज्याचे नाव सांगता आले नसते.

गोजराबाईने वाद घातला नाही. तिने रीत केली. करंजाच्या काटकीने त्याची शेपटी मोजली आणि ती काटकी उकिरड्यात पुरली. म्हणजे कुत्रे जुन्या घराची वाट विसरते. भाकरीचा तुकडा अर्धा दिवस काखेत धरून घामेजवला आणि मग पुढे टाकला. म्हणजे वास ओळखीचा होतो. दोन दिवस त्याने तो नुसता हुंगला. तिसऱ्या दिवशी खाल्ला, तोही गोजराबाई पाठमोरी झाल्यावर. तांब्या चार दिवस गुरगुरला, पाचव्या दिवशी गोठ्यात दोघे पाठीला पाठ लावून झोपलेले दिसले. हैबतरावाने त्याचे नाव बदलून राख्या ठेवले. कुत्र्याने ते नाव मनावर घेतले नाही.

पुढले पंधरा दिवस एकाही खाचरात डुकराचा खूर उमटला नाही. हैबतराव ते पाहत होता. तांब्याला मात्र तो पूर्वीपेक्षा जास्त थोपटू लागला.

तांब्या हे त्याचे कुत्रे नव्हते, तो त्याचा अभिमान होता. डोळे उघडायच्या आधी आई मेलेले ते पिल्लू हैबतरावाने शेळीच्या दुधात चिंधी बुडवून वाढवले होते. माझा तांब्या डुकराला सोडनार न्हाई आन् मानसाला शिवनार न्हाई, हे वाक्य तो चावडीवर इतक्यांदा बोलला होता, की पोरे त्याच्या मागे ते म्हणून दाखवीत.

आणि हैबतरावाचे वाक्य म्हणजे साधी गोष्ट नव्हती. शेताच्या बांधाचा वाद मिटेना, की या खोऱ्यात एक चाल होती. दोन्हीकडच्यांना मान्य असलेल्या माणसाने अंघोळ करून, खांद्यावर घोंगडी टाकून, त्याच शेतातले ढेकूळ डोक्यावर घ्यायचे आणि आपल्या माहितीतल्या जुन्या बांधावरून चालत जायचे. तो चालेल तो बांध. खोटा चालला तर ते ढेकूळ त्याच्या वंशावर पडते, अशी समजूत. वाडीतला असा माणूस हैबतराव. त्याच वैशाखात नथू आणि गेणबा यांच्या वादात तो डोक्यावर माती घेऊन चालला होता, आणि तो चालला तिथे पोलीस पाटील कोंडाजीने दगड रोवून घेतला होता. नथूची हातभर रुंदीची पट्टी गेली. नथू बोलला नाही. पण हैबतरावाच्या शब्दाला कुठे तडा दिसतो का, हे तो तेव्हापासून पाहत होता.

भाद्रपद संपताना एका दुपारी तांब्या आणि सरदार अंगणात एकमेकांवर तुटून पडले. पंधरा दिवस पाठीला पाठ लावून झोपणाऱ्या कुत्र्यांना काय झाले, हे विचारायला उसंत नव्हती. हैबतराव मध्ये पडला, दोघांच्या धुळीत त्याचा पाय दिसेनासा झाला, आणि तो बाहेर आला तेव्हा पोटरीतून रक्त गळत होते. आरडाओरड ऐकून शेजारपाजार जमला. कोंडाजीही आला, तो हैबतरावाचा थोरला चुलतभाऊ. त्याने विचारले, कोण चावलं?

हैबतरावाने तांब्याकडे पाहिले. तांब्या गोठ्याच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा होता. मग त्याने जमलेल्या माणसांकडे पाहिले. त्यांत नथू होता.

"त्यो खाटकाचा," हैबतराव म्हणाला.

वाडीला हे पटायला वेळ लागला नाही. ज्याच्यावर आळ यावा अशी सर्वांची आधीपासून इच्छा असते, त्याच्याविरुद्ध पुरावा मागण्याची पद्धत कोणत्याही न्यायसभेत नाही.

गोजराबाई जखमेत तिखट आणि चुना भरायला बसली, ती रीतच होती. रक्त पुसताना तिला चार भोके दिसली, वर दोन आणि खाली दोन, खिळ्याने पाडल्यासारखी. तिचा हात तिथेच थांबला. सरदाराचा खालचा डावा सुळा मुळापासून तुटलेला होता; जैनुद्दीनच्या बैलाची लाथ बसून गेला, असे कमरबीने सांगितले होते. सरदार चावला असता, तर भोके तीन पडली असती. तिने मान वर करून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. तो आढ्याकडे पाहत होता.

कुत्रे चावलेल्याने सात विहिरींत आपले तोंड पाहून यायचे, आणि सातवी होईपर्यंत बोलायचे नाही. वाडीत विहिरी पाच. उरलेल्या दोन पाहायला हैबतराव रिह्यापर्यंत चालत गेला. जाऊन येईतो दिवस मावळला. त्या दिवशी मौनाचा नियम त्याला जड गेला नसावा.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी त्याला पौडाच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या कंपाउंडरने जखम धुतली आणि अशा वेळी सांगायचे ते नीट, दोनदा सांगितले: चावलेले कुत्रे मारू नका. साखळीला बांधा, दहा दिवस पाहा. दहा दिवसांनी जिवंत आणि धड असेल, तर भीती नाही. त्याआधी मेले किंवा पिसाळले, तर त्याच दिवशी पुण्याची एस्टी पकडा, पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील. कोंडाजी सरकारी माणूस; सरकारी दवाखान्याचा शब्द त्याने शिरोधार्य मानला. लाठ्या घेऊन बसलेल्या मंडळींना त्याने घरी पाठवले आणि सरदाराच्या गळ्यात गुरांची साखळी घातली.

वाडी दिवस मोजू लागली. येता-जाता माणसे गोठ्यात डोकावत, लांबूनच काठीने भांडे सरकवीत, सरदार पाणी पितो का ते पाहत. सरदार प्यायचा. साखळीच्या टप्प्यात येणाऱ्या अंगणाकडे तोंड करून तो बसे आणि ओढ्याच्या बाजूला डुकरे वाजली, की उभा राहून नुसता थरथरे.

तांब्याकडे कोणी पाहत नव्हते. एकटी गोजराबाई पाहत होती. तिसऱ्या दिवशी त्याने भाकरी सोडली आणि खुंट्याचे लाकूड चावायला घेतले. चौथ्या दिवशी त्याचा आवाज बदलला. भुंकायला लागला, की शेवटी घसा फुटल्यासारखा लांब हेल निघे. पाचव्या दिवशी जबडा लोंबू लागला. हैबतराव त्याला दावे लावून ओढ्यापलीकडच्या खोपीत घेऊन गेला, राखणीला म्हणून. सहाव्या दिवशी तो एकटा परतला, आणि विचारणाऱ्याला म्हणाला, वाघरानं नेला. वाघरू कुत्री नेतेच. वाडी हळहळली. घरचे गेले आणि खाटकाचे राहिले, असे बायका बोलल्या.

गोजराबाई जेवणाची पाटी घेऊन खोपीवर गेली. खोपीमागे ताजी माती उकरलेली होती आणि वर दगड रचलेले होते. वाघरू आपली शिकार पुरून तिच्यावर दगड रचत नाही. तिने पाटी खाली ठेवली.

"चार दात हायेत तुमच्या पोटरीत. सरदाराला तीनच सुळं."

हैबतराव कोयत्याला धार लावत होता. तो थांबला नाही.

"आजच्याला एस्टी हाय दुपारची," ती म्हणाली. "आजून सहाच दिस झाल्यात. सुया घ्या. मी येते संगं."

"आन् सुया कशापायी म्हनून सांगू? सरदार तर धड हाय."

"खरं सांगा."

"खरं." त्याने पात्यावर अंगठा फिरवला. "आज म्हनलो कुत्रं दुसरं हुतं, तर उद्या नथू म्हनंल बांध दुसरा हुता. परवा कोंडाजीदादाचा दगूड निगंल. तेरवा गेनबा आन् नथू कुऱ्हाडी काडतील. माज्या येका शबदावर पाच बांध हुबं हायेत ह्या वाडीचं."

"मातीचंच हायेत न्हवं? पडलं तर पडलं."

"तुला न्हाई कळायचं ते. मानूस जातं, शबूद ऱ्हातो."

"त्यो तर गेला अंगनातच," गोजराबाई म्हणाली. "मानूस हाय आजून."

त्याने कोयता बाजूला ठेवून पाटी पुढे ओढली. जेवला मात्र सगळे, आणि पाणी प्यायला. तिने ते मुद्दाम पाहिले.

तिने कोंडाजीचे घर गाठायचा विचार चार दिवस केला. नवऱ्याला खोटा ठरवायला दिराच्या दारात जाणारी बाई त्या खोऱ्यात कोणी पाहिलेली नव्हती. आणि तिच्याजवळ साक्षीदार म्हणून होते एक कुत्र्याचे तोंड. ती वाट पाहत राहिली ती दहाव्या दिवसाची. दहाव्या दिवशी सरदार धड निघाला, की लोक भीती सोडून त्याच्या जवळ येतील, तुटका सुळा पाहतील आणि चावणारे कुत्रे तो नव्हता हे त्यांना आपोआप कळेल, असे तिला वाटले. शिकल्या-सवरलेल्या माणसांकडूनही हीच चूक होते: पुरावा डोळ्यांसमोर आला, की लोक त्यातून निष्कर्ष काढतात, असे ती समजून चालली.

लोकांनी निष्कर्ष काढला. चावलेले कुत्रे दहा दिवसांनी जिवंत आणि धड आहे. म्हणजे हैबतरावाला भीती नाही. कंपाउंडरच्याच शब्दाने ते सिद्ध झाले होते. त्यात खोट एकच होती, आणि ती ज्याला ठाऊक होती तो ओटीवर बसून हसण्याचा प्रयत्न करत होता. कदाचित दहा माणसे म्हणतात त्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास बसू लागला असेल.

मग त्या कुत्र्याचे स्वागत झाले. कोंडाजीने स्वतः साखळी काढली. बायकांनी त्याला ओवाळले, कपाळाला कुंकू लावले, गुळाचा खडा पुढे केला. ज्यांनी पायरीचा शास्त्रार्थ काढला होता त्यांनीच त्याला वाजतगाजत भैरवनाथाकडे नेले आणि देवाच्या पुढ्यात बसवले. गावाचा माणूस वाचवणारे ते देवाचेच वाहन ठरले. कोणीतरी म्हणाले, गुन्हा क्येला, पर निभावून नेला पठ्ठ्यानं. सगळे हसले. महिन्यापूर्वी आणलेले कुत्रे अशा रीतीने त्या दिवशी वाडीचे झाले. न केलेल्या चाव्याची क्षमा मिळवून.

गोजराबाई गर्दीत शिरली. तिने सरदाराचा जबडा धरून उघडला आणि तुटका सुळा दाखवला. नवऱ्याच्या पोटरीवर चार खुणा आहेत, त्या मोजा, असे सांगितले. कुत्र्याने तोंड उघडे ठेवून दिले. माणसांनी तिच्याकडे पाहिले आणि मग एकमेकांकडे. बाईला आनंद सोसवेना, असे एक म्हणाला. कुत्र्याची जबानी घ्यायची तर अंगठा कुठला घ्यायचा, असे दुसऱ्याने विचारले. नथू तेवढा हसला नाही. तेव्हा तिने जे कधी केले नव्हते ते केले. चार माणसांत नवऱ्याच्या समोर उभी राहिली.

"तुमी सांगा. कोन चावलं?"

हैबतरावाने तिच्याकडे पाहिले नाही. "सांगितलंय म्या येकदा," तो म्हणाला.

त्यानंतर महिना बरा गेला. भात पिवळे पडले. सरदार दोन्ही अंगांची राखण करी; डुकरे यंदा या खाचरांना विसरली. हैबतराव त्याला जेवण घालू लागला, पण त्याच्या तोंडाकडे बघायचे टाळी. दिवाळीनंतर कापणी काढली आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटरीला मुंग्या यायला लागल्या. चौथ्या दिवशी त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि फेकून दिला. पाचव्या दिवशी शेजारच्या घरात रहाटाचा आवाज झाला, तरी त्याचा घसा आवळू लागला. कोंडाजी बैलगाडी जुंपून त्याला पौडाला घेऊन गेला. कंपाउंडर गाडीतून खाली न उतरवताच त्याच्याकडे पाहून मागे वळला, आणि आता घरी न्या, एवढेच बोलला.

ओटीवर त्याला दोरांनी बांधले होते. वाडी अंगणात उभी होती. मध्येच झटका ओसरला आणि त्याचे डोळे इतके निवळले, की गोजराबाई उठून उभी राहिली. तो सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"सरदाराला मारू नगा. त्यानं न्हाई चावलं. तांब्यानं चावलं."

हे तो तीनदा बोलला. लोकांनी माना हलवल्या. वाताच्या भरात माणूस काय वाटेल ते बरळतो. त्या भाद्रपदापासून हैबतरावाच्या तोंडून निघालेले हे पहिलेच खरे वाक्य, आणि तेवढ्याच वाक्याला त्याची भ्रमिष्टावस्था हे कारण सापडले. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला.

दहाव्याचे पिंड झाल्यावर माणसे लाठ्या घेऊन आली. माणूस कुत्र्याच्या विषाने मेला, चावले सरदार, म्हणून विष सरदारात. दहाव्या दिवशी निर्दोष ठरलेले कुत्रे पन्नासाव्या दिवशी दोषी कसे, असे विचारायला कोणी थांबले नाही. कोंडाजीने त्यांना बांधाशी उभे केले आणि एकटाच आत आला. गोजराबाई दारात बसली होती, तिच्या पाठीशी सरदार.

"गोजराबाय," कोंडाजी हळू बोलला, "नथू इचारतोय. मरताना हैबत काय बोलला त्ये खरं का, म्हनून."

"खरंच हुतं."

"मला ठाव हाय."

तिने वर पाहिले. तो खरोखरच थकलेला दिसत होता.

"पोटरी मी बी बगितली हुती, ओटीवर दोरानं बांदताना," तो म्हणाला. "चार हुती. पर त्ये आता बोलून चालत न्हाई. खरं म्हनलं, तर हैबत खोटा पडतो, आन् समदं बांध उकरावं लागत्यात. म्हनून मला म्हनावं लागंल, बरळला. आन् बरळला म्हनलं, तर मारू नगा त्ये बी बरळनंच. मंग ह्यांनला मी आडवू कसा?" त्याने बांधाकडच्या लाठ्यांकडे हात केला. "दुसरी येक वाट हाय. तुमी म्हना, त्यो म्हनला मारू नगा. येवडंच म्हनला. मेलेल्याची इच्छा म्हनून कुत्रं ऱ्हाईल. इच्छा कोन मोडत न्हाई."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं तुमाला ऐकूच आलं न्हाई."

गोजराबाईने ओढ्याकडे पाहिले. खाचरे रिकामी झाली होती, आणि पुढल्या वर्षी ती एकटीने लावायची होती. पाठीशी असलेल्या कुत्र्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. शेवटी ती पदर सावरून उठली आणि बांधाकडे तोंड करून, नथूकडे पाहत, सर्वांना ऐकू जाईल असे बोलली:

"मारू नगा म्हनलं त्येनी. येवडंच म्हनलं."

नथूने लाठी खाली टेकवली आणि तो पहिला वळला. मागोमाग बाकीचे गेले. कोंडाजीने जाताना सरदाराच्या डोक्यावर हात ठेवला, अडचणीतून सुटलेली माणसे देवाच्या पायांवर ठेवतात तसा. कुत्र्याने तो ठेवू दिला.